केळशीकरांचा चांगला सिनेमा

११ जाने., रवि.
सकाळचा खेळ पाहून आलो. केळशीकरांचा या वर्षातला पहिला. जानेवारी अजून अर्धाही सरला नाही. जुळे भाऊ, त्यातला एक लुगड्यात, शेवटी त्याच्या नेहमीच्या रीतीने सगळे मिळून केकवर पडतात. आमचं भोपाळचं मराठी मंडळ महिन्यातून एकदा थिएटर घेतं ते याच्यासाठी का, असं नलू पायऱ्यांवरच ओरडली. 'मी तर अख्ख्या नेहरू नगरमध्ये फिरून तिकिटं विकली ना! आता लोकं मलाच पकडतील.' नलू माझ्यासारखीच इंदूरची. पण तिने तिथली बोली सोडली नाही, मी पुणेकर सासरात सोडली.

पटवर्धन मंडळाचे सेक्रेटरी, कारखान्याच्या स्टोअर्समधले. ते म्हणाले, हॉल हसला की नाही? झालं तर. दिवसभर मशिनींशी डोकं फोडून आलेल्या माणसाला छत्री नको असते.

छत्री म्हणजे के.चा पहिला सिनेमा. कारकुनाची छत्री हरवते आणि तिच्यापायी ठरलेलं लग्न मोडतं. छत्रीवाले आणि केकवाले, हे दोन पक्ष मंडळात केव्हाचे आहेत. निवडणुकीतसुद्धा तेच बघून मत देतात. मी कट्टर छत्रीवाली. तरी आज नलूशी भांडले ते के.च्या बाजूने. माणूस वर्षाला चार-चार सिनेमे काढतो, सगळे कसे जमतील? एक चांगला अजून आहे त्याच्यात. सु. म्हणाला, 'तू त्याचीच बायको व्हायची होतीस.' सु. केकवाला. पण लग्नाआधी छत्री बघताना माझ्या शेजारच्या खुर्चीत नाक पुसत होता, ते मी विसरलेली नाही.

१९ जाने., सोम.
आजपासून अण्णांची तिसरी पाळी. त्यांच्या खोलीच्या खिडकीला काळा पडदा लावला. मिनीला बजावलं, दिवसा रेडिओ नाही. मिनी : 'आई, आजोबा रिटायर्ड आहेत यार. चार साल हो गए.'

झाली चार वर्षं. पण अण्णांचा आठवडा अजून कारखान्याचाच. पहिल्या पाळीला पाचला उठणार, दुसऱ्या पाळीला दुपारचं जेवून खुर्चीत बसणार ते रात्रीपर्यंत, तिसरीला रात्रभर व्हरांड्यात जागणार आणि दिवसा झोपणार. जन्मभर टर्बाइन शॉपमध्ये काढला, क्वार्टर मुलाच्या, सु.च्या नावावर झालं म्हणून इथेच राहिले. कॉलनीतले लोक हसतात, पण रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर आधी अण्णांनाच हाक मारतात. एकदा मी विचारलं होतं, का हो असं. म्हणाले, 'पाळी नसली की सगळे दिवस सारखेच गं.' मग मी परत विचारलं नाही.

२ फेब्रु.
मंडळाच्या वर्धापनदिनाला कोण येतंय? केळशीकर! नलूने तोंड वाकडं केलं. पटवर्धन म्हणाले, उतरतील तुमच्याकडे, भक्त तुमच्या घरात आहे. मंडळाचा पाहुणा कधी हॉटेलात उतरत नाही, कोणाच्या तरी घरीच जेवतो आणि तिथेच झोपतो. आजवर आमच्याकडे फक्त एक कीर्तनकार उतरले होते. मी पडदे धुवायला काढले.

१४ फेब्रु., शनि.
के. काल आले. बारीक, अबोल माणूस. दोन फुलके, थोडं वरण, की झालं. मी साटोऱ्या केल्या होत्या, अर्धी खाल्ली. एवढा हसवणारा माणूस स्वतः हसतच नाही.

आज दुपारी काळा पडदा बघून हळूच विचारलं, 'आत कोणी आजारी आहे का?'
'नाही. माझे सासरे. तिसरी पाळी आहे.'
'अजून नोकरीत?'
'नाही.'
हसले नाहीत. मला ते फार आवडलं. चार वाजता अण्णा उठले, त्यांचा सकाळचा चहा झाला, आणि के. त्यांच्याजवळ व्हरांड्यात जाऊन बसले. अण्णांना शॉपच्या आवाजाने कमी ऐकू येतं, म्हणून के. मोठमोठ्याने बोलत होते. समोरच्या क्वार्टरमधली मंडळी गॅलरीत येऊन उभी. अण्णा इतकं बोललेले मी कधी पाहिले नव्हते.

१५ फेब्रु., रवि.
समारंभ छान झाला. नलूने भर सभेत विचारलंच, 'छत्रीनंतर तुम्हाला काय झालं हो?' पटवर्धनांचा चेहरा बघण्यासारखा. के. म्हणाले, 'बाई, छत्रीच्या वेळी माझ्याकडे एक माणूस होता. हल्ली नट भेटतात, माणूस भेटत नाही.' छत्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. केकवाल्यांनीही वाजवल्या, त्यांना वाटलं विनोद आहे.

दुपारी सु. त्यांना तलावावर फिरवून आणायला घेऊन गेला. परत आले तेव्हा दोघंही गप्प. मला वाटलं, दमले.

निघताना के. अण्णांच्या पाया पडले. 'काही चांगलं हातून झालं तर पहिलं तिकीट तुमचं.' अण्णांना नीट ऐकू आलं नाही, मी कानाशी सांगितलं. तेव्हापासून खुशीत आहेत.

३० ऑगस्ट
गणपतीत पटवर्धनांनी बातमी आणली. के.चा नवा सिनेमा तयार. कारखान्याची वसाहत, आणि त्यात एक रिटायर झालेला म्हातारा अजून पाळ्या करतो! सगळं मंडळ आमच्याकडे बघायला लागलं. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. 'माझी पाळी? सिनेमात?' दोनदा विचारलं. मग स्वतः बिट्टन मार्केटला जाऊन शर्टाचं कापड घेऊन आले.

मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. एवढी वर्षं नलूशी भांडले ते फुकट नाही गेलं. सु.ला म्हटलं, बघ, आपल्या घरातला माणूस मिळाला त्यांना. सु. 'हं' म्हणाला आणि पेपर वाचत राहिला.

२५ ऑक्टो., रवि. इंदूर
भाऊबीजेला आले. इथल्या मंडळाने आज सकाळी लावला होता. दादा-वहिनी म्हणाले, चल, तुझ्या सासऱ्यांचा सिनेमा.

सुरुवातीला पाट्या, आभार. त्यात सु.चं नाव. आडनावासकट, पुढे 'भोपाळ'. वहिनीने कोपर मारलं. मी अशी फुलून गेले. पाहुणचाराचे आभार मानले, किती मोठा माणूस.

आणि सिनेमा चांगला. म्हणजे खरंच चांगला. म्हातारा डबा घेऊन स्वतःच्याच व्हरांड्यात 'कामावर' जातो, सून त्याच्या पाळीप्रमाणे पोळ्या करते. मी हसले, डोळे पुसले, परत हसले. मग तो नळाचा प्रसंग आला. म्हातारा मोरीत जातो, दार लावतो, नळ पूर्ण सोडतो, बादली उलटी घालून तिच्यावर बसतो आणि रडतो. नळाच्या आवाजात रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेरून सून विचारते, बाबा, भरली का बादली? पाणी दाराखालून बाहेर येतं. मुलगा घसरतो, शेजारी घसरतो, पोस्टमन घसरतो. हॉल नुसता फुटला. मीही. मी मोठ्याने हसले, दादाच्या पाठीवर थाप मारून हसले. आणि मग कळलं, मी कशाला हसतेय.

ती आमची मोरी. ती आमची बादली.

२६ ऑक्टो., सोम. इंदूर
झोप झाली नाही. लिहूनच काढते, म्हणजे डोकं रिकामं होईल.

अण्णा निवृत्त झाले त्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे पाणी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी येतं, भरून ठेवावं लागतं. ते काम अण्णांनी घेतलं. नळ बराच वेळ चालू असायचा आणि भांडी मात्र अर्धीच भरलेली. एकदा मी दार ढकललं, कडी नीट बसली नव्हती. अण्णा उलट्या बादलीवर बसलेले, टॉवेल तोंडात धरलेला. म्हणाले, 'जा तू. भरतो.' मी आले. पुढच्या सोमवारी त्यांनी पहिली पाळी सुरू केली आणि परत कधी भांडी अर्धी राहिली नाहीत.

त्याबद्दल अण्णा माझ्याशी बोलले नाहीत, मी त्यांच्याशी नाही. फक्त सु.ला सांगितलं. त्याचे वडील आहेत, त्याला नको का माहीत असायला. के.ला मी अवाक्षर बोललेले नाही. अण्णा तर मेले तरी बोलणार नाहीत. मग उरलं कोण?

आभाराच्या पाटीचा अर्थ आता लागला. आणि मी फुलून गेले होते.

२७ ऑक्टो., मंगळ.
भोपाळ. मिनी शिकवणीला गेली, अण्णा भाजीला. सु.ला विचारलं. नाकारलं नाही, एवढं श्रेय देते.

तलावावर के.ने विचारलं म्हणे, 'तुमचे वडील रडले कधी?' सु. म्हणतो, 'मला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं गं. तू सांगितलंस तेव्हापासून ते माझ्या छातीत होतं. बोललो आणि हलकं वाटलं.' हे मला समजलं. इथपर्यंत मी त्याला माफही केलं असतं.

पण जूनमध्ये के.चा ऑफिसात फोन आला होता. नळाचं घेऊ का, म्हणून. आणि सु. हो म्हणाला. जून! जून, जुलै, ऑगस्ट, गणपती, दसरा, फराळाच्या चकल्या तळताना माझ्या शेजारी उभा राहून गरम गरम खात होता, तेव्हाही माहीत होतं.
'मला विचारलं का नाहीस?'
'तू नाही म्हणाली असतीस.'
'म्हणून?'
'चांगला सिनेमा व्हावा असं तुलाच वाटत होतं ना?'
मग म्हणाला, कोणाला कळणार आहे, बादली आपली आहे ते. मी म्हटलं, अण्णांना. तर म्हणतो, 'आपल्याकडे पंधराला आहे. मी बघितलंय, तेव्हा त्यांची तिसरी असते. सकाळी झोपलेले असतील.'
हिशेब करून ठेवला होता त्याने. आपल्या बापाच्या झोपेचा.

१ नोव्हें., रवि.
सु.शी बोलत नाही. अण्णांसमोर 'अहो, जेवायला चला' एवढंच. एकटं असताना अरे-तुरे होतं आमचं, ते बंद.

राग के.वर जास्त की सु.वर, सारखं उलटसुलट होतं. के. परका. पण माझ्या घरी फुलके खाल्ले, अण्णांच्या पाया पडला. वीस वर्षं या माणसाच्या एका चांगल्या सिनेमाची वाट पाहिली, लोकांशी भांडले त्याच्यासाठी. आला एकदाचा, तर आमच्याच मोरीतून. वाईट असता तर बरं झालं असतं. चांगला आहे, हेच सोसवत नाही.

६ नोव्हें.
पटवर्धनांकडे जाऊन आले. म्हटलं, पंधराचा खेळ पुढे ढकला, किंवा दुसरा कुठला लावा. 'अहो, काय बोलताय! आपल्या भोपाळचा सिनेमा. पार लांब करोंदपासून लोक तिकिटं मागतायत.' कारण विचारलं. कारण सांगायचं तर तेच सांगावं लागेल जे सांगायचं नाही. म्हटलं, असंच.

नलू म्हणाली, 'तुला होऊन काय राहिलंय? केकच्या टायमाला माझ्याशी भांडली, आणि आता तुझ्या घरचा सिनेमा तर तूच नको म्हणते?' तिलाही नाही सांगितलं. अण्णांचं रडणं आणखी एका कानात घालायला माझी जीभ वळली नाही.

९ नोव्हें., सोम.
तिसरी पाळी सुरू. काळा पडदा लावला. सु.चा हिशेब बरोबर निघावा म्हणून मीच देवाला हात जोडले. माझी अशी गत करून ठेवली आहे या माणसाने.

१३ नोव्हें., शुक्र.
अण्णा सकाळी नऊला चहा मागत स्वयंपाकघरात. झोपायच्या वेळेला!
'अण्णा, तुमची तर...'
'ड्यूटी बदलून घेतली. रविवारी सिनेमा आहे ना.'
नोकरीत कधी बदलून घेतली नाही. सु.च्या मुंजीच्या आदल्या रात्रीसुद्धा कामावर गेले होते, सासूबाई सांगायच्या. मी म्हटलं, तुम्हाला ऐकू येणार नाही तिथे, गर्दी असते, नंतर कॅसेट आणू. 'ऐकू येत नाही, दिसतं तर! त्याने मला पहिलं तिकीट म्हटलंय.' नवा शर्ट इस्त्रीला दिला. सु. दारात उभा राहून ऐकत होता. माझ्याकडे बघेना.

१५ नोव्हें., रवि.
पटवर्धनांनी अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं, हार घातला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सु.

डब्याच्या प्रसंगाला अण्णा सगळ्यात मोठ्याने हसले. 'हा मी ना?' कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या हॉलला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला क्षणभर वाटलं, निभावेल.

नळाच्या वेळी मी पडद्याकडे पाहिलं नाही, अण्णांकडे पाहिलं. बादली उलटी झाली तेव्हा ते हसतच होते. एकदम नाही थांबले. हळूहळू कमी झालं. मागे सगळा हॉल लोळत होता, पोस्टमन घसरला वाटतं. अण्णांनी चष्मा काढला, नव्या शर्टाने पुसला, परत घातला आणि शेवटपर्यंत नीट बसून पाहिलं.

पायऱ्यांवर नेहमीची सभा. फक्त पक्ष उलटे. नलूने अण्णांचे हात धरले, रडत होती : 'छत्रीनंतर हाच, अण्णा! मी माझे शब्द परत घेते.' पटवर्धन नाराज. 'संथ आहे हो. नळाचा सीन सोडला तर हसायला आहे काय?' नलू म्हणाली, तो सीन म्हणजे तर रडायचा आहे. त्यावरून जुंपली. नळाला हसायचं की रडायचं, यावर निम्मं मंडळ भांडत होतं आणि अण्णा मध्ये हार घालून उभे. त्यांनाही विचारलं कोणीतरी. 'छान आहे,' म्हणाले.

घरी जेवताना मला विचारलं. आवाज साधा. 'ते बादलीचं तू सांगितलंस का गं त्याला?'
मी म्हटलं, नाही.
'मग?'
मी सु.कडे पाहिलं. त्याने आमटी वाढायला सांगितली. मी वाढली.

१६ नोव्हें.
सु.ला स्पष्ट म्हटलं, आज सांग. 'सांगतो. जरा बघून सांगतो.' काय बघून? तर म्हणाला, 'हे बघ, तुझ्यावरचा राग त्यांना पेलेल. माझ्यावरचा नाही पेलणार या वयात.'
म्हणजे मी सून, माझ्यावर ढकललं तर चालतं. लग्नाला सतरा वर्षं झाली. एवढी परकी आहे हे कोणी मला आधी सांगायचं होतं.

१८ नोव्हें., बुध.
अण्णा कुठल्याच पाळीत नाहीत. वेळेवर जेवतात, सगळ्यांबरोबर झोपतात, सगळ्यांबरोबर उठतात. काळा पडदा स्वतःच काढून घडी करून माझ्या हातात दिला. पाणी भरायला आता मला सांगतात. मिनी म्हणाली, 'आजोबा नॉर्मल हो गए, चांगलंय ना?' मी तिच्यावर ओरडले. बिचारीचा काय दोष.

मंडळात भांडण अजून चालूच. नलू के.ला अभिनंदनाची तार करायची म्हणते, माझी सही मागत होती. दिली नाही. तिने अबोला धरला.

२० नोव्हें., शुक्र.
आत्ता, संध्याकाळी. मी पोळ्या करत होते. अण्णा आणि सु. व्हरांड्यात. अण्णांना वाटतं आपण हळू बोलतो, पण घरभर ऐकू येतं.
'हिला माझं आणखी काय काय माहीत आहे रे?'
मी लाटणं थांबवलं. मला वाटलं, आता. आता सांगेल. एवढं सरळ विचारल्यावर कोण गप्प राहील.
'मला नाही माहीत, अण्णा.'
'विचार तिला एकदा. म्हणावं, मी रागावलो नाही. पण उरलेलं तरी घरात राहू दे.'
'बरं,' म्हणाला. बरं!

तव्यावरची करपली. गॅस बंद केला आणि पीठ लागलेल्या हाताने इथे येऊन बसले. सु.ची पावलं ऐकू येतायत, आत येतोय. अण्णांचा निरोप घेऊन, मला विचारायला. येऊ दे. दार उघडंच ठेवलंय, आणि मी आज हळू बोलणार नाही.